फाळ पाजवता येतो, तवा बदलावा लागतो

लोहाराकडे फाळ पाजवायला नेणे आणि डिस्क हॅरोचे झिजलेले तवे काढून नवे बसवणे, ही दोन्ही कामे झिजेवरच्या उपायाचीच. पहिल्यात जुनेच लोखंड पुन्हा कामी येते, दुसऱ्यात ते भंगारात जाते. असे का? उत्तरासाठी आपल्याला जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, जावे लागेल.

या मुलखात लोहारा येथील टेकडीसारखे लोहखनिजाचे साठे आहेत आणि भोवती जंगल आहे. मातीच्या लहान भट्टीत खनिज व लोणारी कोळसा घालून भात्याने वारा दिला जाई. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. भट्टी तेवढी तापत नसे. म्हणून लोखंड न वितळता स्पंजासारख्या गोळ्याच्या रूपात मिळे. तो ठोकून मळी काढत. या लोखंडात कार्बन कमी, म्हणून ते मऊ. फाळ लवकर झिजे, पण तो तापवून, ठोकून टोक पुन्हा काढता येई.

१८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांतून कोळशासाठी लाकूड मिळणे कठीण झाले. १८८२ मध्ये चांद्याच्या लोखंडावरील अहवाल वाचून जमशेटजी टाटांनी येथे कारखान्याचा विचार केला. परंतु वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला योग्य ठरला नाही. १९०४ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तीही निष्फळ. अखेर १९१२ मध्ये टाटांचे पहिले पोलाद साकचीला, आजच्या जमशेदपूरला, तयार झाले.

डिस्क हॅरोचा तवा अशा कारखानी पोलादाचा असतो. त्याची कठीणता पोलाद तापवून, झटकन थंड करून, मग बेताने पुन्हा तापवून आणलेली असते. तो लोहाराच्या भट्टीत लाल केला, की हे 'पाणी' उतरते. कड थंडपणे घासून धार लावता येते, पण गेलेला व्यास परत येत नाही.

आणि आता व्यासालाच महत्त्व आले आहे. पूर्वी धान विळ्याने कापत आणि तणस गुरांसाठी घरी जाई. आज हार्वेस्टरमागे ते शेतातच पडते. तेवढ्याच खोलीवर लहान तव्याची कड काडीला अधिक उभ्या कोनात भिडते. त्यामुळे काडी खाली दाबून कापण्याऐवजी पुढे ढकलली जाते. धार बोथट असेल तर काडी न तुटता दुमडून मातीत शिरते. मग दुसरी पाळी, जादा डिझेल, नाहीतर तणस पेटवून देण्याचा मोह.

मग फक्त फुटलेला एकच तवा बदलला तर? एका आसावरचे सगळे तवे एकत्र फिरतात. ६१ सें.मी. व्यासाचा नवा तवा एका फेऱ्यात सुमारे १९२ सें.मी. जमीन मागतो, ५१ सें.मी.पर्यंत झिजलेला १६०. फरकाइतका कोणीतरी घसरणारच. शिवाय नवा तवा खोल जाईल आणि जुने वरच राहतील. म्हणून एका आसाचे सर्व तवे एकदम बदलणे बरे.

वर्गात पुठ्ठ्याच्या लहान-मोठ्या दोन चकत्या एका काडीवर घट्ट बसवून जमिनीवर घरंगळवा. काडी वळत जाईल. विद्यार्थ्यांना कारण विचारा; मग त्यांच्यापैकी एखाद्याला घरच्या हॅरोचे तवे टेपने मोजून आणायला सांगा. लोहाराला हाताने कळत असे की फाळ कधी पाजवायचा. तवा कधी बदलायचा, हे मात्र आता आपल्यालाच मोजून ठरवावे लागेल.