भाड्याची खोली आणि नोंदणीचा करार

नगरच्या (आता अहिल्यानगर) सावेडी भागातली एक खोली चौघांनी तोंडी बोलीवर भाड्याने घेतली होती.  राहती खोली भाड्याने देण्यासाठी घरमालकाने महापालिकेचा परवाना काढावा, अशी पद्धत आपल्याकडे रूढ नाही. इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा अधिक माणसे एका घरात भाड्याने राहत असतील, तर स्थानिक परिषदेचा परवाना सक्तीचा असतो. आपल्याला आधार आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चा. कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नागापूर एमआयडीसीतल्या कामगारांना आणि कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना ही तरतूद माहीत असणे फार गरजेचे आहे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणे ही निराळी बाब. त्याने करार नोंदला जात नाही. करार एकाच्याच नावावर होत असेल, तर बाकीच्यांनीही आपली नावे त्यात घालून घ्यावीत. — संपादक