नोस्फेरातू
एफ्. व्ही. मुर्नाउ (१८८८–१९३१) या दिग्दर्शकाचा विख्यात जर्मन मूक भयपट. ‘प्राना-फिल्म’ या अल्पजीवी संस्थेने तो निर्मिला व ४ मार्च १९२२ रोजी बर्लिन येथे तो दाखविण्यात आला. ब्रॅम स्टोकरच्या ड्रॅक्युला (१८९७) या कादंबरीवरून हेन्रिक गालेन याने पटकथा लिहिली. पात्रांची नावे बदलण्यात आली, परंतु हक्क घेतले नव्हते. श्रेयनामावलीत मात्र कादंबरीचा निःसंकोच उल्लेख होता. माक्स श्रेकने साकारलेला काउंट ऑर्लॉक हा उंदरासारख्या दातांचा, लांब नखांचा कृश उमराव म्हणजे ड्रॅक्युलाच होय. तत्कालीन अभिव्यक्तिवादी चित्रपटांतील रंगविलेल्या नेपथ्यावर विसंबून न राहता मुर्नाउने व्हिस्मार व ल्यूबेक ही शहरे, तसेच स्लोव्हाकियातील ओराव्हा किल्ला येथे चित्रण केले. खऱ्या गल्लीबोळांतून वावरणारे पिशाच त्यामुळेच अधिक भयावह वाटते. सूर्यप्रकाशाने पिशाच नष्ट होते, ही पुढे रूढ झालेली कल्पना कादंबरीतील नव्हे, तर या चित्रपटातील आहे.

स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स हिने न्यायालयात दाद मागितली. संस्थेचे दिवाळे निघाल्याने भरपाई मिळणे अशक्य झाले. अखेर १९२५ मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. परदेशी गेलेल्या प्रती मात्र वाचल्या. मूळ निगेटिव्ह हाती नसल्याने पुढील सर्व जीर्णोद्धार अशा विखुरलेल्या, कापाकापी झालेल्या प्रतींवरच आधारावा लागला.

म्यूनिक चित्रपट संग्रहालयाच्या एनो पाटालास याने १९८१ मध्ये महत्त्वाची पुनर्रचना केली. त्यानंतर लुसिआनो बेरिआतूआ याच्या संशोधनातून पॅरिसच्या ‘सिनेमातेक फ्रांसेझ’मधील रंगछटायुक्त नायट्रेट प्रतीचे महत्त्व उघड झाले. रंगछटांचा प्रश्न येथे केवळ सजावटीचा नाही. त्या काळी रात्रीची दृश्ये दिवसाच चित्रित करून फितीला निळी छटा देत. छटा गेलेल्या कृष्णधवल प्रतींत ऑर्लॉक भर उन्हात शवपेटी घेऊन हिंडताना दिसे आणि उन्हाने होणाऱ्या त्याच्या मृत्यूला अर्थच उरत नसे. २००५-०६ मध्ये मुर्नाउ प्रतिष्ठानाने याच प्रतीच्या आधारे जीर्णोद्धार केला. तीत नसलेली दृश्ये १९३० च्या जर्मन आवृत्तीतून व एका चेक प्रतीपासून उतरविलेल्या फितीतून घेतली, तर जर्मन निवेदनपाट्या बव्हंशी पूर्व जर्मनीतील संग्रहालयाच्या १९६२ च्या प्रतीतून मिळाल्या. हान्स एर्डमानचे मूळ संगीत संपूर्ण उपलब्ध नसल्याने, त्याच्या प्रकाशित रचनांवरून बेर्न्ट हेलरने केलेली त्याची पुनर्रचना चित्रपटास जोडण्यात आली.