पडद्यावरील हेराचे घड्याळ : एका ऐतिहासिक साधनाची चिकित्सा

दैनंदिन वापरातील वस्तू हेही इतिहासाचे साधन होय, हे आता नव्याने सिद्ध करण्याची आवश्यकता उरलेली नाही. नाणी, मृद्‌भांडी, शस्त्रे व वस्त्रे यांच्या आधारे इतिहासलेखन होत आलेच आहे. परंतु एका काल्पनिक व्यक्तीच्या मनगटावर दिसली म्हणून जिचे मोल वाढले, अशा वस्तूची चिकित्सा कोणत्या निकषांवर करावयाची? जेम्स बाँड या ब्रिटिश हेराच्या चित्रपटांतील मनगटी घड्याळांचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही. ही घड्याळे आज जगभरचे संग्राहक शोधतात. त्यांच्या किमती लिलावगृहांत ठरतात आणि त्यांच्या खरेखोटेपणावर अभिलेखागारातील कागदपत्रांइतकीच बारीक चर्चा होते.

बाँडचा निर्माता इयान फ्लेमिंग हा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात अधिकारी होता. त्याची पहिली बाँड कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. पाणबुड्यांसाठी बनविलेले रोलेक्स कंपनीचे ‘सबमरीनर’ हे घड्याळही त्याच सुमाराचे. १९६२ च्या ‘डॉ. नो’ या पहिल्या चित्रपटात शॉन कॉनरीच्या मनगटावर तेच दिसते. संग्राहक त्याला ६५३८ या क्रमांकाने ओळखतात. त्याची चावी नेहमीपेक्षा मोठी असून तिच्या दोन्ही बाजूंस संरक्षक उंचवटे नाहीत. आज हे घड्याळ श्रीमंतीचे लक्षण मानले जात असले, तरी त्या काळी ते मुख्यतः एक अवजार होते, ही बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. फ्लेमिंगच्या १९६३ च्या कादंबरीत तर बाँड आपले जड रोलेक्स मुठीवर चढवून पहारेकऱ्याला ठोसा लगावतो!

‘गोल्डफिंगर’ (१९६४) या चित्रपटातील एका प्रसंगाने संग्राहकांना कित्येक वर्षे गुंतवून ठेवले आहे. बाँड अंधारात लायटरच्या ज्योतीवर घड्याळ पाहतो. घड्याळ तेच, पण पट्टा कापडी आणि घड्याळाच्या मानाने अरुंद. हा पट्टा काळ्या व करड्या पट्ट्यांचा असल्याचे दीर्घकाळ गृहीत धरले गेले आणि त्याच रंगांचे पट्टे बाँडच्या नावाने विकलेही गेले. पुढे चित्रपटाच्या सुस्पष्ट आवृत्त्या उपलब्ध झाल्यावर त्यात लाल व हिरवट रेषा असल्याचे आढळून आले. शिवाय अशा पट्ट्यास सर्रास ‘नाटो’ पट्टा म्हटले जाते. ब्रिटिश संरक्षण खात्याचे ज्या पट्ट्याविषयीचे मानक या नावामागे आहे, ते मात्र १९७३ चे, म्हणजे चित्रपटानंतर नऊ वर्षांनी आलेले. उत्तरकालीन नाव पूर्वकालीन वस्तूस चिकटण्याचा हा प्रकार इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. साधनाची प्रत सुधारली की निष्कर्षही बदलतो, हे येथे करमणुकीच्या क्षेत्रात घडले एवढेच.

यापुढची दोन घड्याळे अधिक विचार करावयास लावतात. ‘थंडरबॉल’ (१९६५) मध्ये चोरीस गेलेल्या अणुबाँबचा माग काढण्यासाठी बाँडला किरणोत्सर्ग मोजणारे घड्याळ दिले जाते. ब्राइटलिंग कंपनीच्या ‘टॉप टाइम’ या घड्याळावर निराळे, मोठे कवच चढवून ते तयार करण्यात आले होते. ते पुढे कोठे गेले, याचा दीर्घकाळ पत्ता नव्हता. नंतर जुन्या वस्तूंच्या बाजारात कोणास ते २५ पौंडांना मिळाले आणि २०१३ साली लंडनमध्ये क्रिस्टीज या लिलावगृहात ते एक लाख पौंडांहून अधिक किमतीस विकले गेले. ‘लिव्ह अँड लेट डाय’ (१९७३) मधील रोलेक्सची कथा याहून चमत्कारिक आहे. तबकडीभोवतीचे कडे करवतीसारखे फिरावे म्हणून त्याच्या आतील यंत्रच काढून टाकलेले होते. २०१५ साली जिनीव्हा येथे फिलिप्सच्या लिलावात त्यास ३,६५,००० स्विस फ्रँक मिळाले. वेळ न दाखविणाऱ्या घड्याळाची ही किंमत होती! येथे यंत्राची किंमत शून्य असून वस्तूच्या पूर्ववृत्ताची किंमत सर्वस्व आहे. म्हणूनच एकाच चित्रपटासाठी बनविलेल्या अनेक प्रतींपैकी नेमकी कोणती पडद्यावर आली, हा प्रश्न लिलावात कळीचा ठरतो. त्याच्या निर्णयासाठी ओरखडे, बदल व मालकीची साखळी हेच पुरावे असतात.

याच काळात घड्याळाच्या उद्योगात मोठी उलथापालथ चालू होती आणि तिचे पडसाद पडद्यावर उमटले. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ हा चित्रपट १८ डिसेंबर १९६९ रोजी लंडनमध्ये प्रथम दाखविला गेला. त्यातही बाँडच्या हाती रोलेक्सच होते. त्यानंतर अवघ्या सात दिवसांनी जपानच्या सिको कंपनीने टोकियोत ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. १९७३ च्या चित्रपटात बाँड आरंभी बटण दाबून तांबडे आकडे दाखविणारे ‘पल्सर’ वापरतो आणि लगेचच रोलेक्सकडे परततो. १९७७ पासून मात्र सिकोचे युग सुरू झाले. उदयपूर येथे चित्रित झालेल्या ‘ऑक्टोपसी’ (१९८३) मध्येही बाँडजवळ सिकोचेच आकडेदार घड्याळ आहे. स्वित्झर्लंडमधील घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास ९०,००० च्या आसपास कामगार होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश उरले. ब्रिटिश हेराच्या मनगटावरील जपानी घड्याळ हे त्या आपत्तीचे अनपेक्षित साक्षीदार होय.

‘गोल्डनआय’ (१९९५) पासून ओमेगा कंपनीचे ‘सीमास्टर’ आले. बाँड नौदलाचा अधिकारी असल्याने त्यास हेच शोभेल, असे वेशभूषाकार लिंडी हेमिंग यांचे मत होते, आणि ब्रिटिश सैन्याने पूर्वी ओमेगा वापरलेही होते. गंमत अशी की, हे पहिले स्विस ‘सीमास्टर’ बॅटरीवर चालणारे होते. १९९७ च्या चित्रपटात त्याची जागा यांत्रिक घड्याळाने घेतली. सोय जपानी तंत्राने जिंकली होती, तेव्हा स्विस कारखानदारांनी परंपरा विकावयास काढली, असा त्याचा अर्थ लावता येईल. २००६ च्या ‘कॅसिनो रॉयल’ मध्ये तर घड्याळाची कंपनी थेट संवादात शिरली. नायिका रोलेक्सचा तर्क करते आणि बाँड तो दुरुस्त करून ओमेगाचे नाव घेतो. व्यापाराचा इतका उघड शिरकाव रसभंग करणाराच म्हणावा लागेल.

या मालिकेतील ‘नो टाइम टू डाय’ (२०२१) मधील टायटॅनियमचे ‘सीमास्टर’ साधनचिकित्सेच्या दृष्टीने सर्वांत अवघड आहे. त्याची तबकडी मुद्दाम तपकिरी केलेली आहे. जुन्या घड्याळांच्या काळ्या तबकड्या उन्हाने विटून जो रंग धारण करतात, तोच हा रंग. तबकडीवर ब्रिटिश सरकारी मालमत्तेची बाणाची खूण आहे. मागील बाजूस कोरलेल्या अंकांपैकी ०५५२ हा नौदलाच्या मनुष्यबळाचा संकेतांक आणि ९२३७६९७ हा पाणबुड्याच्या घड्याळाचा. त्यांच्या जोडीला ००७ हा बाँडचा क्रमांक आणि पहिल्या चित्रपटाच्या वर्षाची आठवण म्हणून ६२. ब्रिटिश सरकारने हे घड्याळ कधीही कोणास दिलेले नाही. खूण खरी, संकेतांक खरे, जुनेपणा कारखान्यात चढविलेला आणि धारक काल्पनिक. २०२२ साली या चित्रपटात वापरलेली प्रत क्रिस्टीजच्या लिलावात दोन लाख पौंडांहून अधिक किमतीस गेली. तशाच खुणा असलेली त्याची भावंडे मात्र दुकानांतून विकली गेली असून ती कोणत्याही पूर्ववृत्ताविना, केवळ पाठीवरील त्या अंकांसह, घरोघरच्या कपाटांत पडून आहेत.