पगारपत्रकातील दोनशे रुपये आणि खडी फोडणाऱ्या स्त्रिया

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात राहणाऱ्या एखाद्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची कपात दिसते. फेब्रुवारीत ती तीनशेंची होते. हा व्यवसाय कर. महाराष्ट्राने तो १९७५ मध्ये लावला, तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचा भार उचलावा आणि तेवढीच भर शासनाने घालावी, अशी ती योजना होती. या मजुरांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती.

मुळाशी १९७२ चा दुष्काळ आहे. मराठवाड्यात आजही म्हातारी माणसे मिलो आणि सुकडीवरून त्या वर्षाची आठवण काढतात. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. मागेल त्याला काम द्यावे, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची; तिचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातील विसापूर भागात झाला होता. कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

समान कामाला समान वेतन, हा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५१ मध्ये केला होता. भारताने तो १९५८ मध्ये मान्य केला. पुढे १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष ठरले, मेक्सिकोत परिषद भरली, १९७६ मध्ये आपल्याकडे समान वेतनाचा कायदाही झाला. शेतात मात्र खुरपणाऱ्या बाईची मजुरी गड्यापेक्षा कमीच राहिली. रोजगार हमीच्या कामावर निराळा हिशेब होता. तिथे दर मापाला होता. खडी कोणी फोडली, हे दरपत्रक विचारीत नव्हते. काम शक्यतो पाच किलोमीटरच्या आत मिळे. पुरुष ऊसतोडीला किंवा मुंबईला जाऊ शकत असे. घरी तान्हे मूल आणि म्हातारी सासू असलेल्या बाईला हे पाच किलोमीटरच महत्त्वाचे होते. कामावर पाळणाघराची, सावलीची आणि पिण्याच्या पाण्याची तरतूद नियमांत होती. कागदावरची पाळणाघरे प्रत्यक्षात किती ठिकाणी उभी राहिली, हा प्रश्न त्या काळातील स्त्री-संघटनांनी मोर्चांमधून वारंवार विचारला.

खरी अडचण मापातच दडलेली होती. पाझर तलावाच्या कामावर गडी कुदळीने खणे आणि बाई घमेल्याने माती वाहून बांधावर टाके. मोजला जाई तो खड्डा. मजुरी अनेकदा टोळीच्या हिशेबाने येई, आणि तिची वाटणी मुकादम किंवा घरचा कर्ता करी. दर समान होता, हातात पडणारी रक्कम समान असेलच असे नव्हते. खणणारा गडी सोबत नसलेल्या विधवेला किंवा परित्यक्तेला तर टोळीत जागा मिळणेच अवघड जाई. आंतरराष्ट्रीय करार लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी या घमेल्याचा विचार केला असेल.

तरीही नवऱ्याची परवानगी न विचारता तहसीलदाराकडे काम मागण्याचा कायदेशीर हक्क ग्रामीण स्त्रीला मिळाला, ही लहान गोष्ट नव्हती. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास रोज एक रुपया बेकारी भत्ता देण्याची तरतूद होती. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात पंधरा दिवसांची मुदत आणि पाच किलोमीटरची मर्यादा, दोन्ही आल्या. शिवाय किमान एक तृतीयांश लाभार्थी स्त्रिया असाव्यात, हे तिथे स्पष्ट लिहिले गेले.