काळ्या पिशवीची गोष्ट

गेल्या महिन्यात एका शनिवारी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही दादा, कुणाच्या तरी पिशवीत फुटकी काच होती."

त्या 'कुणाच्या तरी' म्हणाल्या खऱ्या. पण दोनच दिवस आधी आमच्याकडे काचेचा ग्लास फुटला होता. तो मी खरकट्यासकट काळ्या पिशवीत कोंबून, वर घट्ट गाठ मारून दाराबाहेर ठेवला होता. मी काहीच बोललो नाही. आत येऊन चहा घेतला, पण तो काही गोड लागला नाही.

आता बग सापडला की तो नेमका कधी घुसला हे शोधायचं, ही नोकरीतली सवय. म्हटलं, ही काळी पिशवी आपल्या घरात आली तरी कुठून?

तर मंडळी, तिचं माहेर कॅनडा. पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआयच्या प्रयोगशाळेत जवळजवळ अपघातानंच सापडलं होतं. १९५० च्या सुमारास विनिपेगच्या हॅरी वासिलिकनं त्याच्या पिशव्या करून तिथल्या जनरल हॉस्पिटलला विकल्या. त्याच सुमारास युनियन कार्बाइडच्या ओंटारिओतल्या कारखान्यात लॅरी हॅन्सन यालाही हीच कल्पना सुचली. (हो, तीच युनियन कार्बाइड, जिचं नाव आपण १९८४ च्या भोपाळमुळे विसरूच शकत नाही.) कंपनीनं वासिलिकचा धंदा विकत घेतला आणि साठच्या दशकाच्या शेवटी 'ग्लॅड' नावानं घरगुती कचऱ्याच्या पिशव्या बाजारात आल्या. म्हणजे पिशवी आधी इस्पितळात गेली आणि मग स्वयंपाकघरात.

गंमत म्हणजे कचरा वेगळा करायची कल्पना पिशवीपेक्षा कितीतरी जुनी आहे. १८८३ साली पॅरिसमध्ये यूजेन पूबेल नावाच्या प्रशासकानं हुकूम काढला की प्रत्येक घरमालकानं भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवावेत. तेही तीन! एक कुजणाऱ्या कचऱ्यासाठी, एक कागद आणि चिंध्यांसाठी, तिसरा काच, फुटकी भांडी आणि कालवांच्या शिंपल्यांसाठी. घरमालक चिडले. कचरा वेचून पोट भरणारेही चिडले, कारण त्यांची रोजीरोटी जात होती. तिघांतली वर्गवारी काही टिकली नाही, डबा मात्र टिकला. फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याला आजही 'पूबेल'च म्हणतात. बिचाऱ्याचं नाव अमर झालं ते असं!

आणि आपल्याकडे? गावी आजीकडे कचऱ्याला पिशवी कधीच नव्हती. भाजीची देठं गुरांपुढे, शेण आणि केर उकिरड्यावर, रद्दी दुकानदाराकडे, बाटल्या भंगारवाल्याकडे. आजी काही पर्यावरणवादी वगैरे नव्हती. ओलं आणि सुकं एकत्र होतच नसे, म्हणून पिशवीची गरजच पडली नाही. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. पिशवी लागते ती ओल्या-सुक्याचा चिखल केल्यावर.

हे कळेपर्यंत मीही पर्यायी पिशवीच शोधत होतो. 'डिग्रेडेबल' लिहिलेल्या पिशव्या दिसल्या. त्यातल्या ऑक्सो-डिग्रेडेबल म्हणजे साधं प्लॅस्टिकच, पण लवकर तुकडे व्हावेत म्हणून त्यात रसायन घातलेलं. ते तुकडे मातीतच राहतात. युरोपीय संघानं २०२१ पासून अशा वस्तूंवर बंदी घातली. मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या 'कम्पोस्टेबल' पिशव्या त्याहून बऱ्या. आपल्याकडे त्यांच्यासाठी आयएस १७०८८ हे मानक आहे. पण त्यातली चाचणी साधारण ५८ अंश तापमानाला होते. तेवढी ऊब खताच्या मोठ्या प्रकल्पात मिळते, आपल्या बाल्कनीतल्या कुंडीत नाही. शिवाय गाठ मारली की तिच्याही आत काय आहे ते दिसत नाहीच!

मग उपाय काय? अगदी साधा. ओल्या कचऱ्याची बादली उघडीच द्यायची आणि नंतर विसळायची. तळाला जुन्या वर्तमानपत्राची घडी घातली की पाणी शोषलं जातं आणि बादली चिकटत नाही. सुका कचरा जुन्या गोणीत किंवा खोक्यात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे भाग करायला सांगितलंच होतं. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळं. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. वर्गवारी म्हणजे त्यांच्यासाठी नुसती शिस्त नाही. सुका कचरा कोरडा आला तर विकला जातो, आणि हात शाबूत राहतात.

पुढच्या शनिवारी मावशींना सांगितलं, "मावशी, ती काच आमचीच होती." त्या हसल्या. म्हणाल्या, "काच जाड कागदात गुंडाळून हातात देत जा दादा. आणि पिशवीला गाठ मारू नका."

सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या इतिहासाचं सार त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. काळ्या पिशव्यांचं उरलेलं बंडल अजून फडताळात आहे. असो. या आठवड्यात बादली दोनदा विसळली, आणि खरं सांगतो, हात काही झिजले नाहीत.