संच बंद पडल्यावर : न्याय्य संक्रमणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

कोळशाचा वापर कमी करायला हवा, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण ज्या गावांची चूल त्याच कोळशावर पेटते, त्यांचे पुढे काय, हे आपल्याकडे क्वचितच विचारले जाते. या प्रश्नाचा शिस्तीने विचार करणाऱ्या अभ्यासक्षेत्राला न्याय्य संक्रमण म्हणतात. २०१५ च्या पॅरिस कराराच्या उद्देशिकेतही त्याचा उल्लेख आहे. अर्थशास्त्र, कामगार कायदा, पर्यावरण, ग्रामविकास अशा कुठल्याही वाटेने या क्षेत्रात येता येते. मराठवाड्यातल्या वाचकाला मी आणखी एक वाट सुचवतो : सरकारी पैशाचा माग काढत या.

आयर्लंडपासून सुरुवात करू. तिथल्या दलदलीत हजारो वर्षे साचलेला वनस्पतींचा थर, म्हणजे पीट, कापून वाळवतात आणि जाळतात. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने पिढ्यान्‌पिढ्या मध्य आयर्लंडला हेच काम दिले. डिसेंबर २०२० मध्ये पीटवर चालणारी दोन वीजकेंद्रे बंद झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले. त्या भागासाठी १६.९ कोटी युरोंचा कार्यक्रम आला. त्यातला निम्मा पैसा युरोपीय संघाचा, निम्मा आयर्लंड सरकारचा. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी तरतूद : दलदल पुन्हा ओली करण्याच्या कामासाठी सरकारने वेगळा पैसा दिला. ज्या कामगारांनी चर खोदून पाणी काढून दिले होते, त्यांतल्या अनेकांना तेच चर बुजवण्याचे काम मिळाले. उणीवही तितकीच स्पष्ट आहे. छोटा राष्ट्रीय निधी २०२० मध्ये आला खरा, पण हा मोठा कार्यक्रम मंजूर होईपर्यंत २०२२ चा डिसेंबर उजाडला. केंद्रे बंद होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

आता आपल्याकडे वळू. मी राहतो त्या उमरीत खाण नाही आणि वीजकेंद्रही नाही. इथे कापूस आणि जिनिंग. पण हंगाम सरला की जिनिंगच्या आवारातून आधी कोण मोकळे होते, हे उमरीकराला सांगावे लागत नाही : हमाल, गाठी रचणारे मजूर, फाटकाबाहेर चहा विकणारी बाई. मुनीम राहतो. ही नजर घेऊन बीड जिल्ह्यातल्या परळी वैजनाथच्या औष्णिक वीजकेंद्राकडे जावे.

परळीत १९७१ मध्ये ३० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. १९८० ते १९८७ या काळात प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच आले. हे जुने संच आता सेवेतून गेले आहेत. राहिले आहेत ते २५० मेगावॉटचे तीन. मधल्या काळात, २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये, पाण्याअभावी सगळे केंद्रच थांबवावे लागले होते. कोळशानंतरचे परळी कसे असेल, याची ती तालीमच होती आणि अभ्यासकांनी ती नीट नोंदवून ठेवायला हवी होती. कारण परळीत विजेबरोबर राख तयार होते. राखेवर परिसरातल्या वीटभट्ट्या उभ्या राहिल्या, टिप्पर आले, टिप्परवर चालक आणि भट्टीवर विटा थापणारी कुटुंबे आली. हीच राख उडून शेजारच्या गावांच्या पिकांवर आणि छातीत बसते. संच थांबला की कायम कामगाराची दुसऱ्या केंद्रात बदली होऊ शकते. भट्टीवरच्या कुटुंबाची बदली कुठे होणार? केंद्राच्या हजेरीपटावर ते कुटुंब कधीच नव्हते.

आता पैशाकडे या. २०१५ पासून खाणपट्टाधारकांना रॉयल्टीशिवाय तिच्या ठरावीक टक्क्यांइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. जुन्या खाणपट्ट्यांसाठी ती रॉयल्टीच्या ३० टक्के आहे. कोळशाचा हा पैसा चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर अशा खाणींच्या जिल्ह्यांना मिळतो, आणि ते योग्यच आहे. पण कोळसा जिथे जळतो त्या परळीला त्यातले काही मिळत नाही. २०१० मध्ये केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून लावलेला हा उपकर २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि टनामागचे ते ४०० रुपये राज्यांच्या महसुलाची तूट भरून काढण्याकडे वळले. कोळशावरून गोळा झालेला पैसा कोळशाच्या गावांसाठी राखून ठेवता आला असता. तो ठेवला गेला नाही, ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी हुकलेली संधी आहे असे मी मानतो.

महाराष्ट्राला हे जमणारच नाही, असे कोणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती मांडली होती आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराला काम देण्याची सोय आपण जगाच्या कितीतरी आधी केली. १९६९ च्या माथाडी कायद्याने तर ज्यांना एक असा मालक नव्हता त्या हमालांची नोंदणी केली आणि त्यांना भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला. निधी उभारण्याची आणि नोंदीबाहेरचा माणूस नोंदीत आणण्याची, अशा दोन्ही रीती आपल्याच घरात आहेत. १९८२ च्या संपानंतर मुंबईचा गिरणी कामगार उघड्यावर पडला, कारण त्याच्यासाठी यांपैकी काहीच वापरले गेले नाही.

म्हणून नव्या अभ्यासकाला माझी विनंती आहे. परदेशी अहवाल जरूर वाचा, पण पहिली वही परळीच्या वीटभट्टीवर उघडा. किती कुटुंबे आहेत, कुठून आली, उचल किती घेतली, राख थांबली तर ती कुठे जातील, हे लिहून काढा. नांदेड, लातूर आणि बीडच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना हे एका सुट्टीत जमण्यासारखे आहे. ही यादी हाती असेल, तरच उद्याच्या निधीत त्या कुटुंबांचा वाटा मागता येईल.

उमरी, जि. नांदेड