छंद आणि देवाणघेवाण : काशीच्या घाटांपासून इंटरनेटपर्यंत

कथेतील पात्रे रेखाटणे, संगणकावर संगीत रचणे, आकाशाची छायाचित्रे न्याहाळून नोंदी करणे असे छंद जोपासणारी मंडळी आज आपले काम इंटरनेटद्वारे जगापुढे ठेवतात. साधन नवे असले, तरी ही प्रथा जुनी आहे. तिचे एक ठळक उदाहरण सुमारे दोनशे वर्षांपूर्वी वाराणसीत घडले. छंदातून झालेले कोणते काम टिकते आणि कोणते हरवते, हे समजण्यास ते आजही उपयोगी पडते.

घाटांचा चित्रकार

वाराणसीचा दशाश्वमेध घाट पेशवे बाळाजी बाजीराव यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास नव्याने बांधविला, असे सांगितले जाते. त्याला लागूनच मानमंदिर घाट असून तेथील वाड्याच्या गच्चीवर जयपूरचे महाराजा सवाई जयसिंग यांची वेधशाळा आहे.

या शहरात १८२० मध्ये जेम्स प्रिन्सेप हा एकवीस वर्षांचा इंग्रज तरुण टाकसाळीतील नोकरीवर रुजू झाला. नाण्यांच्या धातूचा कस पाहणे हे त्याचे सरकारी काम होते. उरलेल्या वेळात तो हवामानाच्या नोंदी ठेवीत असे, शहराचा नकाशा तयार करीत असे आणि घाट, देवळे, बाजार व उत्सव यांची चित्रे काढीत असे. चंद्रग्रहणाच्या पर्वकाळासाठी नदीकाठी लोटलेली गर्दी आणि अन्नपूर्णेच्या देवळात पुराण सांगणारे पुराणिक ही त्याच्या चित्रांतील दृश्ये आहेत. १८३० नंतरच्या काही वर्षांत ही चित्रे शिळाछापाने तीन भागांत प्रसिद्ध झाली. त्या काळच्या काशीचे रूप जाणून घेण्यासाठी अभ्यासक आजही त्यांचा आधार घेतात.

टपालातून जुळलेले वर्तुळ

वाराणसीची टाकसाळ बंद झाल्यावर १८३० मध्ये प्रिन्सेप कोलकात्यास गेला. तेथे कॅप्टन हर्बर्ट यांनी १८२९ मध्ये सुरू केलेल्या विज्ञानविषयक मासिकाचे संपादन त्याच्याकडे आले. १८३२ मध्ये हेच मासिक एशियाटिक सोसायटीच्या नावाने निघू लागले. देशभरातील लष्करी अभियंते, वैद्य, पंडित आणि धर्मोपदेशक आपापल्या फावल्या वेळात जमविलेली नाणी, शिलालेखांचे ठसे आणि निरीक्षणे त्याच्याकडे पाठवू लागले. आलेली सामग्री तो चित्रांसह छापीत असे. अर्थ लागला नसला, तरी ती छापली जाई, कारण दुसऱ्या कोणाला तरी तो लागण्याची शक्यता असे.

या पद्धतीचे फळ १८३७ मध्ये मिळाले. कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी सांचीच्या स्तूपावरील छोट्या लेखांचे ठसे पाठविले होते. त्यांतील अनेक लेखांच्या शेवटी तीच अक्षरे येतात, हे प्रिन्सेपच्या लक्षात आले. हे लेख देणग्यांचे असावेत आणि तो शब्द ‘दानं’ असावा, असा तर्क त्याने केला व ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले. जर्मनीत अध्यापन करणारे ख्रिस्तियन लासेन यांनी आदल्याच वर्षी एका ग्रीक राजाच्या नाण्यावरून या लिपीतील काही अक्षरे ओळखली होती. लेखांतील ‘पियदसि’ हा राजा म्हणजे सम्राट अशोक होय, हे श्रीलंकेतील अधिकारी जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांच्या आधारे दाखविले. गिरनारच्या शिलालेखाची नक्कल मुंबईचे धर्मोपदेशक जॉन विल्सन यांच्याकडून आली होती. संस्कृत वाचनात कमलाकांत विद्यालंकार या पंडितांचे साहाय्य लाभले. अशोकाची वाणी अशा प्रकारे अनेकांच्या सहभागातून पुन्हा वाचता आली.

त्याच नियतकालिकात १८५८ मध्ये बापूदेव शास्त्री या मराठी गणितज्ञांचा लेख प्रसिद्ध झाला. नागपुरात शिकलेले बापूदेव वाराणसीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक होते. भास्कराचार्यांना चलनकलनाची मूळ कल्पना अवगत होती, असे त्यांनी या लेखात मांडले. १८६० मध्ये इंग्लंडमधील गणितज्ञ विल्यम स्पॉटिसवुड यांनी या मतावर टिपण लिहिले आणि विषय चर्चेला आला. मानमंदिर वेधशाळेतील यंत्रांविषयीही बापूदेवांनी लिहिले आहे.

एकट्याचे संगीत

देवाणघेवाणीची सोय नसली, तर चांगले कामही दुर्लक्षित राहते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे मुंबईचे वादक चरणजितसिंग यांनी १९८२ मध्ये जपानी बनावटीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकत्र जोडून दहा रागांवर आधारित ध्वनिमुद्रिका तयार केली. तिला श्रोते फारसे लाभले नाहीत. २००२ मध्ये एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली आणि २०१० मध्ये तिची पुनरावृत्ती निघाली. त्यानंतर इंटरनेटद्वारे ती जगभर ऐकली गेली. शिकागोत १९८० च्या दशकात उदयास आलेल्या ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताशी तिचे साम्य पाहून श्रोते चकित झाले. हे संगीत त्या शैलीच्या आधीचे होते. २०१५ मध्ये निधन होण्यापूर्वी चरणजितसिंग यांना ही दाद पाहता आली.

आजची साधने

इंटरनेटने ही अडचण बरीच दूर केली. चित्रे व पात्ररचना यांसाठी २००० मध्ये ‘डेव्हियंटआर्ट’, तर संगीतासाठी २००७ मध्ये बर्लिन येथे ‘साउंडक्लाउड’ स्थापन झाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ प्रकल्पात सामान्य नागरिक दीर्घिकांच्या छायाचित्रांचे वर्गीकरण करू लागले. हॅनी फान आर्केल या डच शाळाशिक्षिकेला त्यात एक अपरिचित हिरवट-निळा ढग आढळला. खगोलशास्त्रात तो तिच्याच नावाने ओळखला जातो.

भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘रॅड@होम’ उपक्रमात विज्ञानाचे विद्यार्थी व हौशी अभ्यासक पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने टिपलेली चित्रे तपासतात. शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली झालेले असे निष्कर्ष शोधनिबंधांतून प्रसिद्धही झाले आहेत.

जतन आणि श्रेय

मात्र दोन प्रश्न उरतात. पहिला जतनाचा. ‘मायस्पेस’ या संकेतस्थळावर २०१५ पर्यंत चढविलेले संगीत यंत्रणा बदलताना नष्ट झाल्याचे मार्च २०१९ मध्ये जाहीर झाले. अनेक हौशी संगीतकारांची त्यात कधीही न भरून येणारी हानी झाली. प्रिन्सेपचे मासिक अनेक ग्रंथालयांत पोहोचल्यामुळे एखादी प्रत गहाळ झाली, तरी मजकूर टिकला. मूळ फाइल स्वतःजवळ ठेवणे आणि तिच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी असणे, हाच आजचाही उपाय होय.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये डेव्हियंटआर्टने कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे चित्रे तयार करणारी सोय सुरू केली. आपली चित्रे अशा यंत्रणांच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाऊ नयेत, असे वाटणाऱ्या चित्रकाराने प्रारंभी स्वतःहून नकार नोंदविणे आवश्यक होते. तीव्र विरोधानंतर नकार हीच मूळ स्थिती मानण्याचे संकेतस्थळाने मान्य केले. आपले काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावे, हे सांगण्यासाठी २००२ पासून ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाने उपलब्ध आहेत. नावाचा उल्लेख करणे ही त्यांतील मूलभूत अट आहे.

सांचीचे ठसे कोणी पाठविले आणि गिरनारची नक्कल कोणी केली, हे आज सांगता येते, कारण ती नावे कामासोबतच छापली गेली. छंद म्हणून केलेले काम पुढच्या माणसाला वापरता यावे, तपासता यावे आणि ते कोणाचे आहे हे कळावे, एवढी व्यवस्था झाली, तर त्याचे मोल कर्त्याच्या हयातीनंतरही टिकते.